घोडबंदरचा वळसा

हॅलो?

हॅलो… हो, डॉक्टरांचाच दवाखाना. डॉक्टर पाचला येतात. कोण पाहिजे?… अगं शुभा! मीच, वसुताई. ओळखला नाहीस आवाज?… हो, डॉक्टरांच्या जानकीवहिनींनी खालून हाक मारली, अंधेरीहून बहिणीचा फोन होता, पुन्हा करते म्हणाली. धावत आले. हाताला कणीक आहे अजून… काय झालं? अण्णा बरे आहेत ना?… नक्की?… मग नीट सांग ना गं आधी. फोन म्हटलं की मी आधी घाबरते. आईच्या वेळी असाच आला होता.

बरं. बोल… कुठून, स्टुडिओतून? साहेब ओरडणार नाहीत?… सेटवर गेलेत? झकास. मग बोल आरामात. मला मात्र पाचच्या आत ठेवायला हवा, पेशंट यायला लागतात.

सोमवारी? परवाच्या सोमवारी?… अगं, पण संक्रांत होऊन जाऊ दे म्हणाली होतीस ना?… अण्णांनी ठरवलं. झालं मग. अण्णांनी ठरवलं म्हणजे ब्रह्मदेव आला तरी बदलायचं नाही… शहापूर, इगतपुरी, नाशिक. तीन दिवस. बासष्टाव्या वर्षी, सायकलवरनं… नाही गं, टोमणा नाही. हेवा वाटतोय मला. सरळ सांगते, हेवा वाटतोय.

ते राहू दे. तयारी कुठवर आलीय?… हो… हो… पंप?… आणि पंक्चरचं सोल्यूशन? नवीन आण, घरातलं वाळून दगड झालं असेल… ठिगळाचं रबर, घासायला काचकागद… आणि व्हॉल्व्हची ती पिवळी रबरी नळी, हातभर कापून घे. पुढे कुठे मिळायची नाही. आणि कराचा बिल्ला आहे ना सायकलला?… या वर्षीचा? बघ हं, मागच्या वर्षीचा बिल्ला लावून फिरलीस तर पहिल्याच नाक्यावर हवालदार उतरवेल आणि अण्णा त्याला कायदा शिकवत बसतील. तिथेच दुपार होईल.

काय? सीट उंच आहे? माझ्या सायकलची?… बरं बाई, तुझ्या. तुझ्या सायकलची. माझ्या लग्नात मी ती तुला दिली हे मान्य, पण सीट मी माझ्या पायाला लावली होती. ती खाली घे बोटभर, अर्धं बोट नको… मला काय विचारतेस, पाना घेऊन फिरव!… काय म्हणालीस?… हो का! मी आता पोळ्या लाटते म्हणून मला सायकलचं कळत नाही? कानामागून आली आणि तिखट झाली. अगं, तू दांडीवर बसून रडत होतीस तेव्हा मी हात सोडून अंधेरीतल्या घोडबंदर रोडवरनं जात होते. विचार अण्णांना.

हसू नको. साडीचं काय करणार आहेस ते सांग… मोठ्या काकूंची नऊवारी? हां, ते बरं. काष्टा घट्ट मार आणि पदर कमरेला दोनदा गुंडाळ. मी पाचवारी नेसून गेले होते आणि जोगेश्वरीला पदर चेनमध्ये. अशी आपटले… तुला नाही आठवायचं, तू लहान होतीस. अण्णांनी खिशातनं चाकू काढला, पदर कापला आणि आईला येऊन सांगितलं, उंदराने खाल्ला. आईने आठ दिवस घरभर उंदीर शोधला.

हो ना… हो… आईला शेवटपर्यंत कळलं नाही. की कळलं होतं, कोण जाणे.

अं?… खायला ना? सांगते.

दशम्या कर, दुधात भिजवून. तीन दिवस टिकतात… शेंगदाण्याची चटणी, लसूण जास्त घालून. गूळपापडी कर… फार नको गं! कॅरियरवर संसार बांधू नको, नाकापेक्षा मोती जड. आणि मुख्य ऐक. अण्णांचा गुडघा. ते काही बोलणार नाहीत. दुखतोय म्हणणार नाहीत, दमलो म्हणणार नाहीत. पण जाता जाता मध्येच उतरतील आणि रस्त्याखालची एखादी मोरी बघायला लागतील. वाकून वाकून. दगड कसे बसवलेत, पाणी कुठून जातं… हां, हसतेस काय, खरंच. आयुष्यभर रस्त्यांवर ओव्हरसियर होते, त्यामुळे लोकांना शंका येत नाही. पण अण्णा मोरीजवळ थांबले की समज गुडघा ठणकतोय. तू लगेच म्हण, अण्णा, मी दमले, बसू या. तू दमलीस म्हणून बसतील. स्वतः दमले म्हणून कधी नाही बसायचे.

हो… लक्षात ठेव एवढं.

आणि शहापूरला डाकबंगला मिळणार आहे ना?… ओळखीचा खानसामा आहे? बरं झालं. शुभे, तुला सांगू? रात्री झोपताना मी अजून तो रस्ता म्हणते मनात. ठाणे, कशेळीचा पूल, भिवंडी, पडघे… लोक रामरक्षा म्हणतात, मी गावं म्हणते. कसाऱ्याचा घाट आला की झोप लागते. घाट कधी चढलेच नाही मी. स्वप्नातसुद्धा खालीच राहते.

वही आहे ना? माझी, पुठ्ठ्याची. तीच बरोबर घे. मॅट्रिकला असताना लिहिलीय, एकेक मैलाचा दगड अण्णांना विचारून. परीक्षा झाली की जाऊ म्हणाले. मग पावसाळा झाला की. मग दिवाळी झाली की. मग अण्णांची बदली, मग आईचं दुखणं, आणि मग एक्कावन्न साली माझं स्थळ आलं… नाही, पश्चात्ताप कसला? हे चांगले आहेत गं, सासूबाई चांगल्या आहेत. पण सायकल राहिली ती राहिली. वाईट वाटतं, त्याला काय करू?

समोर आहे वही? वाच ना. पहिलं पान वाच, मला ऐकू दे माझंच… अंधेरी. हां. साकीनाका. कुर्ला. मग आग्रा रोड धरायचा. घाटकोपर… वाच ना पुढे. घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड… काय?

काय लिहिलंय?

नाही, नाही. मी असं लिहिलेलं नाही. बोरिवली कुठून आलं त्यात?… तांबड्या पेन्सिलीने?… म्हणजे माझ्या पानावर काट मारून?… अण्णांनी? मालाड, बोरिवली, दहिसर, घोडबंदर. आणि घोडबंदरवरनं ठाणे. अगं, पण हा केवढा वळसा! सरळ पंधरा मैल आहेत ठाण्याला, आणि हे पंचवीस. पहिल्याच दिवशी दहा मैल फुकट? त्या गुडघ्याने?

का पण?… ट्रकची रहदारी?… खाडीची हवा?… शुभा. तू कुणाची बहीण आहेस? मला काय हवा सांगतेस? खरं सांग.

सांग ना.

मला सांगू नको म्हणाले होते?

…

अस्सं.

नाही, रागावले नाही. तुझ्यावर कशाला रागावू? तुझ्या तोंडून निघून गेलं. पण कळलं मला. मुलुंडवरनं गेलं तर माझं घर लागतं. रस्त्यालाच आहे, चुकवता येत नाही. थांबलं नाही तर बरं दिसत नाही, आणि थांबलं तर मी पाणी विचारणार. आणि लेकीच्या घरचं पाणी चालत नाही. नातवंडाचं तोंड बघेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. म्हणून बासष्टाव्या वर्षी दहा मैल जास्त तुडवायचे.

हो, आपल्यात आहे पद्धत. माहितीये मला. आपल्यात आहे म्हणून काय झालं? सासूबाई म्हणतात, आमच्यात नाही हो असलं काही, येऊ देत त्यांना जेवायला. मीच खाली मान घालून गप्प बसते. काय सांगू? सहा वर्षांत माझ्या घरी पाळणा हलला नाही, म्हणून माझा बाप माझ्या हातचं पाणी पीत नाही, असं सांगू?

आई यायची ना, आठवतंय? पितळेचा फिरकीचा तांब्या घेऊन. आपलं पाणी आपल्याबरोबर. माझ्या घरात बसून, माझ्यासमोर, अंधेरीचं पाणी प्यायची. मला म्हणायची, पुढच्या वर्षी पिईन हो तुझ्याकडचं. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी… आणि गेली. दोन वर्षं होतील या माघात. माझ्या हातचा एक घास तिच्या पोटात गेला नाही, शुभा, माझ्या घरचा. माहेरी हजार वेळा रांधलं असेन मी तिच्यासाठी. ते वेगळं. आपल्या घरात, आपल्या चुलीवर केलेलं आईबापाला वाढायचं असतं गं. तुला लग्न झाल्यावर कळेल. मी नवीन ताटं आणली तेव्हाच दोन वेगळी काढून ठेवली होती. तशीच आहेत. आता अण्णांचंही तसंच होणार. एक दिवस असाच फोन येईल या दवाखान्यात आणि…

नाही रडत. जानकीवहिनी बघतायत. हो वहिनी, झालंच, दोन मिनिटं… नाही, कुणाला काही झालेलं नाही. सगळे बरे आहेत.

हां, बोल… काय करू म्हणतेस? ठाण्याला येऊन उभी राहू? माजिवड्याला, दोन रस्ते मिळतात तिथे?… आणि रस्त्यावर पाणी देऊ? रस्ता कुणाचं घर नाही म्हणून?… नाही शुभा. तुझं मन चांगलं आहे, पण नाही. मी काय पाणपोई आहे? परक्याला देतात तसं रस्त्यावर उभं राहून बापाला पाणी देऊ? त्यापेक्षा जाऊ देत घोडबंदरने. खाडीची हवा खाऊ देत.

कोण आलं?… अण्णा? तिथे, स्टुडिओत?… गेटवर आहेत? तुला न्यायला?… बोलाव त्यांना… बोलाव म्हणते ना! आत्ता… फोनवर बोलत नाहीत, माहितीये. त्यांना म्हण, तो चावत नाही. म्हण, वसू ठेवायला तयार नाही… आणि शुभे, तू जरा बाजूला हो.

…

हो वहिनी, थांबते ना हो जरा. अण्णा येतायत फोनवर. माझे वडील. साडेचारच झालेत.

…

हॅलो… अण्णा?… अण्णा, मी वसू… ओरडू नका, ऐकू येतंय मला… उलटा धरलाय तुम्ही. वायर खाली घ्या… हां. आता कसं!

बरी आहे मी… हे बरे आहेत. सासूबाई बऱ्या आहेत… थंडी आहे, हो, इथे जरा जास्तच… अण्णा, एक विचारू?

मुलुंडवरनं का नाही जात?

ट्रक… हो… अण्णा, त्या रस्त्याला तुम्ही खडी घातलीय. वीस वर्षं त्याच रस्त्यावर सायकल मारलीत, तेव्हा ट्रक नव्हते? माझ्या वहीत काट मारलीत, तांबड्या पेन्सिलीने. मला विचारायचं तरी… शुभाला काही बोलू नका. मीच काढून घेतलं तिच्याकडनं.

मी सांगू का? माझ्या दारावरनं जायला नको, म्हणून… नाही अण्णा, ऐका, आज मला बोलू द्या. तुम्ही समोर असता तेव्हा बोलता येत नाही. मला फार लागलंय ते. पद्धत असेल आपली, मी पद्धतीला नावं ठेवत नाही. पण सहा वर्षं मला वाटतंय, की माझ्यात काही उणं आहे म्हणून माझं पाणी उणं आहे. मूल होत नाही तो माझा गुन्हा आहे का? तुम्ही मला सायकल शिकवलीत. सगळी आळी हसत होती, तेव्हा तुम्ही आळीला नाही घाबरलात. मग एका पेल्याला का घाबरता?

…

अण्णा?… आहात ना?

काय?… मोठ्याने बोला, तिकडे कसला ठोकाठोकीचा आवाज येतोय.

कुठे आला होतात?

मुलुंडला? कधी?… मागच्या रविवारी. सरावाला म्हणून… आणि त्याच्या मागच्या?… तीन रविवार? अंधेरीहून मुलुंडपर्यंत तीन रविवार आलात, आणि वर आला नाहीत?… कुठे उभे होतात?… लाकडाच्या वखारीपाशी. तिथून दिसते आमची गॅलरी, हो. मला बघितलंत?… चादरी वाळत घालत होते. हो, रविवारी चादरी असतात… मग हाक का नाही मारलीत अण्णा? मी खाली आले असते. धावत आले असते!

…

आई काय म्हणाली होती?

कधी?… दवाखान्यात असताना… नाही, मला नाही माहीत. मला कुणीच नाही सांगितलं.

पुन्हा सांगा. सावकाश.

जाऊ तेव्हा दोघं जाऊ… मेहूण बसू वसूकडे, शेजारी शेजारी पाटावर… बाळ असो नसो?… आई म्हणाली असं? बाळ असो नसो? आईने मोडली होती पद्धत?

म्हणजे बरी होऊन आली की येणार होतात तुम्ही. दोघं. माझ्याकडे.

…

आणि मी दोन वर्षं… अण्णा, मी आईवर रागावले होते हो. तिच्या त्या तांब्यावर. अजून रागावलेली होते, आत्ता पाच मिनिटांपूर्वीपर्यंत.

हो… हो, ऐकतेय… एकट्याने कसं बसायचं पाटावर. हो. कळतंय मला… शेजारचा पाट रिकामा दिसतो… म्हणून वखारीपासनं मागे.

नाही अण्णा. तुमचं नाही चुकलं. मीच भलतं धरून बसले. पण तुम्ही तरी बोलायचं ना! आपल्या घरात सगळे असेच. पदर उंदराने खाल्ला म्हणतील, पण खरं म्हणून बोलणार नाहीत… हसता काय?

बरं. मग जा घोडबंदरने. मी नाही म्हणणार नाही आता. हळू जा, शुभाला पुढे ठेवा… नाही, मनापासून म्हणतेय. फक्त पुढच्या रविवारी वखारीशी उभे राहिलात तर हात तरी करा. मी वरनं करीन.

काय?… आज? आज काय स्वयंपाक केला?… का हो?… साधाच. भात, चिंचगुळाची आमटी, वालाची उसळ. कणीक भिजवत होते संध्याकाळची… आमटी? आईसारखी नाही होत. गूळ जास्त पडतो माझा… तुम्हाला गोड आवडते, हो, पण आई घालू द्यायची नाही.

सोमवारी? सोमवारी काय करणार म्हणजे? अजून काय ठरवलंय…

अण्णा?

जेवायला?

सकाळी साडेसहाला? पाणी नाही, चहा नाही, एकदम जेवायला?… अहो, भातआमटी जेवून शहापूरपर्यंत सायकल कशी… चालेल?… चालेल तुम्हाला?… हो. हो, करते. चारला उठते. तीनला उठते. गरम गरम वाढते… मुलुंडवरनं. पुसून टाका ती पेन्सिल, हो.

पाट मांडते ना. तुमचा, शुभाचा, यांचा… दोनच? पहिल्या पंगतीला दोनच?… एक तुमचा, आणि शेजारी?…

मी?

नाही अण्णा. आईच्या पाटावर मी कशी… मी बसले तर वाढणार कोण?… शुभा? शुभाला कुठे वाढता येतं? मीठ विसरेल, लिंबू डावीकडे की उजवीकडे, काही कळत नाही तिला… बसायलाच पाहिजे?… तुमच्या शेजारी.

बसते.

बसते अण्णा. हो. अण्णा, साडेसहाला मी खाली रस्त्यावर… हॅलो?… हॅलो? अण्णा?… हॅलो…

गेली लाइन. नाही वहिनी, नको, आता पुन्हा नको लावायला. झालं बोलून… डोळ्यांना काही नाही हो, कणकेचा हात लागला. वहिनी, तुमच्याकडे जुना आंबेमोहोर असेल का, वाटीभर? आमचा नवा आहे, गोळा होतो… अहो, परवा पहाटेच लागेल. माझे अण्णा जेवायला येणार आहेत.